अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल औषध नाही, मग औषधासारखी विकायची कशाला?

पंचवटीत आमचं मेडिकल आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बसतो. काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांचा एक साचा ठरलेला असतो. वर मुख्य औषध, म्हणजे अँटिबायोटिक म्हणा, बीपीची म्हणा, शुगरची म्हणा, मग अ‍ॅसिडिटीची गोळी, आणि सगळ्यात खाली एक कॅप्सूल, रात्री जेवणानंतर एक, तीस दिवस. ही खालची म्हणजे अँटिऑक्सिडंट. ताप आला तरी ती, गुडघे दुखले तरी ती, केस गळतात तरी ती, आणि तपासणीत काहीच सापडलं नाही तर मग नक्कीच ती. लोक तिला ताकदीची गोळी म्हणतात, आणि बऱ्याचदा अख्ख्या चिठ्ठीत तीच सगळ्यात महाग असते.

माझं म्हणणं असं की ही कॅप्सूल बहुतेक माणसांच्या काहीही उपयोगाची नाही, काहींचं तर नुकसान करू शकते, आणि औषधाच्या वेषात ती विकायची जी मोकळीक आहे ती सरकारने बंद करावी. मेडिकलवालाच असं म्हणतोय याचं काही जणांना हसू येईल, येऊ दे.

आधी स्ट्रिप उलटी करून बघा. मागे बारीक अक्षरात (मला चष्मा लावूनही त्रास होतो) मोठी वरात असते, बीटा कॅरोटिन, व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी, सेलेनियम, झिंक, लायकोपीन, ल्युटिन, ग्रीन टीचा अर्क, द्राक्षाच्या बियांचा अर्क. शेजारी बीपीच्या गोळीची स्ट्रिप ठेवा. बीपीच्या गोळीवर ड्रग लायसन्सचा नंबर आहे. कॅप्सूलवर बघाल तर एफएसएसएआय या खाद्यपदार्थांच्या सरकारी संस्थेचा लोगो आणि चौदा आकडी नंबर, म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर असतो तोच प्रकार. आणि कुठेतरी कोपऱ्यात छापलेलं असतं, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. ते कायद्याने छापावंच लागतं. म्हणजे कंपनी स्वतःच लिहून देतेय की हे औषध नाही, आणि तीच स्ट्रिप डॉक्टरच्या चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानातून, औषधाच्याच कागदी पाकिटात घालून पेशंटच्या हातात जाते, त्याला कोण सांगणार की दादा, यातली एक खाद्यपदार्थ आहे.

याच्यात किमतीची गंमत आहे ती बाहेरच्या लोकांना माहीत नसते. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत जे औषध आहे त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यात दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं. यादीबाहेरचं औषध असलं तरी एमआरपी वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही. हे सगळं औषधाला. फूड सप्लिमेंटला यातलं काहीच लागू नाही, कंपनीला वाटेल ती एमआरपी छापा, दुकानदाराला वाटेल ती स्कीम द्या. त्यामुळे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ज्या उत्साहाने या कॅप्सूलची स्कीम घेऊन येतात तो उत्साह शुगरच्या मेटफॉर्मिनसाठी कधी दिसत नाही. आणि त्याचा शेवट काउंटरवर काय होतो ते सांगतो. पेठ रोडकडचा एखादा मजूर माणूस चिठ्ठी घेऊन येतो, मी टोटल सांगतो, तो खिशात हात घालतो आणि विचारतो, "भाऊ, यातली कोणती कमी केली तर चालंल?" मी काही सांगायच्या आत तो स्वतःच ठरवतो, बीपीची पंधराच द्या, ताकदीची पूर्ण द्या. बीपी काही जाणवत नाही ना, अशक्तपणा जाणवतो. माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे. त्या माणसाला लकवा होण्यापासून वाचवणारी गोळी काही रुपयांची, ती अर्धी, आणि जिचा उपयोग कुणी दाखवलेला नाही ती पूर्ण महिन्याची.

आता उपयोग नाही हे मी कशावरून म्हणतो, तर ते तपासून झालंय, एकदा नाही, अनेकदा, आणि लाखो लोकांवर.

मुळात कल्पना वाईट नव्हती. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डेनहॅम हार्मन यांनी मांडलं की शरीरात अन्न जळताना फ्री रॅडिकल तयार होतात, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी अर्धवट राहिलेले कण, ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात, पेशींची नासधूस होते आणि त्यातूनच म्हातारपण येतं. अँटिऑक्सिडंट काय करतो, तर आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना गप्प बसवतो. पुढे दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग व्हिटॅमिन सीचे मोठमोठे डोस घ्या म्हणून सांगत सुटले, आणि एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांनी ऐकलं. त्याच सुमाराला पाहण्यांमधून दिसत होतं की जे लोक भाज्या-फळं जास्त खातात त्यांना कॅन्सर आणि हार्टचे आजार कमी होतात, भाज्यांमध्ये बीटा कॅरोटिन असतं, मग भाजी कशाला, कॅरोटिनच काढून गोळीत भरू. लॉजिक अगदी बरोबर वाटतं ना, सगळ्यांनाच वाटलं होतं.

फिनलंडमध्ये संशोधकांनी २९,१३३ पुरुष घेतले, सगळे सिगरेट ओढणारे, वय ५० ते ६९. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी, असं पाच ते आठ वर्षं चाललं. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. कमी नाही, जास्त. अमेरिकेत तेव्हा अशीच दुसरी चाचणी चालू होती, १८,३१४ लोक, सिगरेट ओढणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले, त्यांना बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ए. ती जानेवारी १९९६ मध्ये ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त आणि मृत्यू १७ टक्के जास्त दिसत होते.

फिनलंडच्या त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कुणी सांगत नाही. खोटी गोळी घेणाऱ्या गटात ज्यांच्या जेवणात आणि रक्तात सुरुवातीलाच बीटा कॅरोटिन जास्त होतं, म्हणजे जे मुळातच गाजरं-पालेभाज्या जास्त खाणारे होते, त्यांना कॅन्सर कमी झाला. पदार्थ एकच, भाजीतून गेला तेव्हा माणसं चांगली राहिलेली दिसली, गोळीतून गेला तेव्हा उलटं झालं. कारण भाजीत तो एकटा नसतो, सोबत फायबर, पोटॅशियम, फोलेट आणि अजून शेकडो गोष्टी असतात, शिवाय भाजी खाणारा माणूस त्या वेळी वडापाव खात नसतो, हेही आहेच. नाशिक ढोलच्या पथकातला एक माणूस उचलून आणला आणि त्याला एकट्याला हजारपट जोरात वाजवायला लावलं तर मिरवणूक होत नाही, नुसते कान फुटतात.

आमच्याकडे चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांत बिडी-सिगरेटवाले किती असतात ते मी रोज बघतो. "सिगरेट सुटत नाही, निदान अँटिऑक्सिडंट तरी घेतो" असं म्हणणारे शिकलेले लोकसुद्धा आहेत, गंगापूर रोडला राहणारे, मोठ्या पगाराचे. बीटा कॅरोटिनच्या गोळीपासून सगळ्यात लांब राहावं असा जो माणूस, तोच ती मागून घेतो.

बाकीचं पटकन सांगतो. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची ३५,५३३ पुरुषांवरची अमेरिकन चाचणी २००८ मध्ये थांबवली आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त झाला. २०१२ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, ७८ चाचण्या, जवळपास तीन लाख लोक, सगळं एकत्र करून पाहिलं, आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही, उलट बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ईने मृत्यू किंचित वाढल्यासारखे दिसले. हे काही कुण्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं नाही, वैद्यकीय जगात यापेक्षा पक्का पुरावा फार थोड्या गोष्टींचा असतो.

असं का होत असेल? एक तर फ्री रॅडिकल म्हणजे फक्त शत्रू ही समजूतच अर्धवट आहे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच रॅडिकल्सचा मारा करून. व्यायाम केल्यावर स्नायूंत रॅडिकल वाढतात आणि शरीर त्याच इशाऱ्यावर स्वतःची यंत्रणा मजबूत करतं. जर्मनीत २००९ मध्ये तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, काहींना सोबत रोज १,००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. इन्सुलिन नीट काम करायला लागण्याचा व्यायामाचा जो फायदा असतो तो गोळी न घेणाऱ्यांना मिळाला, घेणाऱ्यांचा गेला. कॉलेज रोडच्या जिममधून निघून सरळ माझ्याकडे सी आणि ईच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या पोरांना मी हे सांगतो, पटत नाही त्यांना, ट्रेनरने सांगितलेलं असतं. दुसरं म्हणजे शरीराकडे स्वतःचे अँटिऑक्सिडंट आहेत, ग्लुटाथायोन, कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ते पेशीच्या आत बसून दिवसभर काम करतात, बाहेरून ओतलेल्याची त्यांना फारशी गरज नसते. व्हिटॅमिन सीचंच घ्या, एका वेळी ग्रॅमभराच्या वर घेतलं तर निम्म्याहून जास्त शोषलंच जात नाही आणि जे शोषलं जातं त्यातलंही बरंचसं लघवीवाटे निघून जातं. स्वीडनमध्ये २०१३ मध्ये दिसलं की सीच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांना किडनी स्टोन साधारण दुप्पट होतात.

आणि ते पाकिटावरचे आकडे! अमक्या फळात अँटिऑक्सिडंट तमक्याच्या चाळीसपट वगैरे. टेस्ट ट्यूबमध्ये मोजायची एक पद्धत होती, ओआरएसी नावाची, अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यावर पदार्थांची मोठी यादीसुद्धा केली होती. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच ती यादी काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या ते आकडे जाहिरातीला वापरत होत्या. एक मजेशीर किस्सा आहे, सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट ताकद वाढते हे खरंच मोजलं गेलंय, पण ती वाढ सफरचंदातल्या पॉलिफिनॉलमुळे (वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांमुळे) नाही तर फळातल्या साखरेमुळे युरिक अ‍ॅसिड वाढतं त्यामुळे होते, असं २००४ मध्ये अमेरिकेत दिसलं. आणि हे शोधलं कुणी, तर लायनस पॉलिंग यांच्याच नावाच्या संस्थेतल्या लोकांनी. असो.

नाशिकमध्ये बसून हा विषय काढला आणि वाईनवर बोललो नाही तर चालणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा लोक रेझव्हेराट्रॉलवर, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या अँटिऑक्सिडंटवर, बोलत होते. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा हा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर खुशाल चर्चा करा, पण वाईन हार्टला चांगली, त्यात अँटिऑक्सिडंट असतात, हे सांगून ती विकू नका. रेड वाईनमध्ये रेझव्हेराट्रॉल लिटरला साधारण एक-दोन मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत वापरतात ते अनेकदा ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, म्हणजे हिशोब केला तर रोज अडीचशे लिटरच्या वर, हार्ट राहिलं बाजूला, आधी लिव्हर हात जोडेल. त्यातून त्या विषयावर खूप पेपर लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले संशोधक दीपक दास, त्यांच्या कामात आकडे बनवल्याचे १४५ प्रकार सापडले असं विद्यापीठानेच २०१२ मध्ये जाहीर केलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कोणतंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. वाईन आवडते म्हणून प्या, निफाड-दिंडोरीची द्राक्षं आवडतात म्हणून खा, त्याला औषधाची सही कशाला पाहिजे.

ग्रीन टीची अजून वेगळी भानगड आहे. चहातले जे पॉलिफिनॉल अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवतात तेच जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत, आपल्या साध्या चहाचंही तेच. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे, हे सरकारच्याच पाहणीतलं. माझ्याकडे लोहाच्या गोळ्या आणि ग्रीन टी एकाच बिलात घेणाऱ्या ताई येतात, वजन पण कमी करायचंय आणि एचबी पण वाढवायचंय. मी सांगतो, चहा प्या पण जेवणानंतर तास-दोन तासांनी, आणि जेवताना लिंबू पिळा. सीचा खरा उपयोग इथे आहे, भाजी-डाळीतलं लोह शोषायला ते मदत करतं, आणि त्याला गोळी लागत नाही. दिवसाची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅमची, मध्यम आकाराच्या एका पेरूत त्याहून कितीतरी जास्त असतं, संत्र्यापेक्षाही जास्त.

सगळ्याच गोळ्यांच्या विरोधात मी नाही, तसा अर्थ काढू नका. गरोदर बाईला फॉलिक अ‍ॅसिड आणि लोह पाहिजेच, बी१२ कमी आलं तर ते घ्यायलाच पाहिजे. डोळ्याच्या पडद्याचा वयामुळे होणारा एक आजार आहे, मॅक्युलर डिजनरेशन, त्याच्या ठरावीक टप्प्यावर अँटिऑक्सिडंट आणि झिंकच्या विशिष्ट मिश्रणाने आजार वाढायचा वेग कमी होतो, हे चाचणीत सिद्ध झालंय, आणि तिथेही पुढे बीटा कॅरोटिन काढून ल्युटिन घातलं, सिगरेटवाल्यांच्या भीतीने. म्हणजे कुणाला, कशासाठी, किती, हे ठरवून दिलं तर औषध. ताप, गुडघे, केस, सगळ्याला एकच कॅप्सूल, याला काय म्हणायचं?

आता खाण्याचं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळं. बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, बाजार भरतो तिथे जाऊन या, मेथी, शेपू, चुका, अंबाडी, करडई, तांदुळजा, पावसाळ्यात त्र्यंबक-पेठकडच्या बायका कर्टुली घेऊन बसतात. ताकदीच्या कॅप्सूलच्या महिन्याच्या खर्चात एका माणसाची महिन्याभराची पालेभाजी बऱ्यापैकी निघते, दिवाळीच्या आसपास भाव कडाडतात तेव्हाचं सोडा. कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं अँटिऑक्सिडंट असतं, बाहेरच्या पाकळ्यांत सगळ्यात जास्त, आपण सोलताना दोन थर जास्तच काढतो तेवढं टाळलं तरी पुरे. टोमॅटोतलं लायकोपीन कच्च्यापेक्षा तेलात शिजवलेल्यातून जास्त मिळतं, म्हणजे आईची फोडणी चुकीची नव्हती. पण हे सांगतानाही मला भीती वाटते, उद्या कुणी लासलगावच्या कांद्याची कॅप्सूल काढेल. कांदा क्वेर्सेटिनसाठी खायचा नसतो, तो भाकरीबरोबर खायचा असतो. कोणत्या भाजीतला कोणता रेणू काम करतो हे अजून कुणी नीट वेगळं काढून दाखवलेलं नाही, भाज्या खाणारे जास्त निरोगी असतात एवढं मात्र पुन्हा पुन्हा दिसलंय, आपल्याला तेवढं बस्स आहे.

"पण ज्याला भाजी परवडत नाही त्याने गोळी घ्यावी ना", हा युक्तिवाद एमआर नेहमी करतात. ज्याला भाजी परवडत नाही त्याला ही कॅप्सूल तर अजिबातच परवडत नाही. त्याच्यासाठी काही करायचं असेल तर शाळेच्या खिचडीत आणि अंगणवाडीच्या आहारात भाजी नुसती कागदावर न राहता पातेल्यात पडते का ते बघा. टोमॅटोचा भाव पडला की गिरणारे गावाकडे क्रेट रस्त्यावर ओततात आणि त्याच तालुक्यातल्या पोरांच्या ताटात पिवळं पाणी, हे जुळवायला कोणतं संशोधन लागतं?

सरकारने करायचं ते अवघड नाही. युरोपात खाद्यपदार्थावर आरोग्याचा दावा छापायचा तर आधी पुरावा द्यावा लागतो, आणि अँटिऑक्सिडंटचे ढीगभर दावे त्यांनी पुराव्याअभावी नाकारलेत, व्हिटॅमिन सीसारखे मोजकेच ठेवले, तेही ठरवून दिलेल्या वाक्यात. आपल्याकडे दाव्यांचे नियम २०१८ पासून आहेत, ते नीट वापरा. फूड लायसन्सवरच्या मालाला औषधासारखी स्ट्रिप आणि औषधासारखं नाव बंद करा, 'औषध नाही' हे पुढच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरात छापायला लावा. आणि जे डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकलं जातं त्याला औषधाचा किंमतकायदा लावा, मग बघा किती कंपन्यांचं अँटिऑक्सिडंटवरचं प्रेम टिकतं.

मग तू विकतोस कशाला, असं मित्र विचारतात. चिठ्ठीवर असलेलं मी परस्पर काढलं तर उद्या पेशंट डॉक्टरकडे जाऊन सांगणार की मेडिकलवाल्याने दिलं नाही, आणि मी काही डॉक्टर नाही. पैसे कमी पडले तर मी एवढंच म्हणतो की बीपीची आणि शुगरची पूर्ण न्या, खालचीचं डॉक्टरांना फोन करून विचारा, माझ्यासमोरच करा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "ती नाही घेतली तरी चालेल." चालेल ना, मग डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवरच तिच्यापुढे कंसात तसं लिहीत जा, म्हणजे आमचा फोनचा खर्च वाचेल.